आवाज बाहेर न जाणारं पेडल

“हिला आवाजच नकोय म्हणं, मग गिटार कशाला वाजवती?” दुकानदार शेजारी चहा पीत बसलेल्या मित्राला हळूच म्हणाला, तरी मला ऐकू आलं. परवा रस्त्यात मशीनच्या तेलाचा वास आला आणि वाद्यांच्या दुकानातली ती दुपार आठवली. आमच्या घराखाली वडिलांचे यंत्रमाग होते. त्यांच्या खडखडाटात मी वरच्या खोलीत चुकतमाकत कितीही वाजवलं, तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. मग माग भंगारात गेले. घर इतकं शांत झालं, की मी एक तार छेडली तरी खाली कॉटवर पडलेले वडील उठून बाहेर जायचे. गिटार सोडायची नसेल, तर गिटारला जोडून आवाज फक्त हेडफोनमध्ये ऐकता येईल असं छोटं पेडल घेणं एवढाच उपाय उरला होता. दुकानदाराने मात्र ते तळहाताएवढं पेडल बाजूला सारून मोठं पुढे केलं. “ताई, यात लई इफेक्ट हायत की!” दुकानातली गिटार त्यातून स्पीकरला जोडून त्याने तार अशी कडाडवली, की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मित्र हसला. “सगळ्या गल्लीला कळू दे की! भितीस कुणाला?” अनोळखी माणसांपुढे माझ्या तोंडून आजही शब्द फुटत नाही. त्या दिवशी मात्र छोटं पेडल पुन्हा जवळ ओढत मी म्हणाले, “भीत नाही, काका. आमचे माग विकलेत. घरात अजून सुतक आहे.”