फवाऱ्याच्या शेजारची खुर्ची

फवारा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारली तर तोच मागे वळून बघायचा, की कोणाला बोलावताहेत. अकरा वर्षं तो शेतांवर औषध फवारणारं विमान चालवत होता. पिवळं, लांबोळक्या नाकाचं, पोटात औषधाची टाकी आणि टाकीमागे एक खुर्ची. एक म्हणजे एकच. शेजारी माणूस सोडाच, जेवणाचा डबा ठेवायलाही जागा नाही. उजाडलं की निघायचं, पिकाच्या शेंड्यांना हात लागेल इतक्या खालून जायचं, बांधाशी आलं की वर उचलायचं, वळायचं आणि पुन्हा खाली. त्याच्या हाताला तोड नव्हती, हे त्याचा हेवा करणारेही मान्य करत.

मग एक दिवस कंपनीच्या मालकाने त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की पुढच्या हंगामानंतर ड्रोन येणार. फवाऱ्याला वाईट वाटलं, पण जितकं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. याचंच त्याला जास्त आश्चर्य वाटलं. घरी येऊन त्याने बायकोला सांगून टाकलं, "मी शिकवणार. विमान चालवायला शिकवणार."

बायको सतरा वर्षं चौथीचा वर्ग सांभाळत होती. शिकवणं या विषयावर तिच्यासमोर उगाच काही बोलायची सोय नव्हती. तिने वह्या तपासता तपासता पेनाचं टोपण लावलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मला गाडी शिकवायला निघाला होतात, आठवतंय का? पहिल्या वळणावर स्टिअरिंग धरलंत ते घर येईपर्यंत सोडलं नाहीत. मी बसले होते नुसती, चालकाच्या जागेवर पाहुणीसारखी."

"तेव्हा समोरून ट्रक येत होता."

"तो उभा होता."

बायको फवाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला कळलं की हा गमतीत बोलत नाहीये. मग तिनेच वहीचं मागचं पान फाडलं आणि विचारलं, "हे शिकवायचं कुठे शिकतात?"

तर प्रश्न असा होता. शिकवण्याचा परवाना मिळवायला तीन महिन्यांचा अभ्यास, आणि दोन हंगामांच्या मधे सुट्टी मिळायची जेमतेम चार महिन्यांची. म्हणजे शाळा एकदाच निवडायची. ती चुकली तर पुढच्या वर्षी हातात ना विमान ना विद्यार्थी. कागदावर तीन नावं लिहिली. त्यातल्या एकीचा फोन चार दिवस कोणी उचलला नाही, म्हणून बायकोने ती खोडली. राहिल्या दोन.

पहिली शाळा म्हणजे नुसता थाट. काचेची इमारत, पांढरीशुभ्र सारखी चौदा विमानं, टाय लावलेले विद्यार्थी आणि एका खोलीत खोटंखोटं उडणारं यंत्र. फवाऱ्याचे डोळेच दिपले. त्याला चाचणीसाठी वर नेलं. शिकवणारा उजव्या खुर्चीत बसतो आणि डावीकडून चालवायची सवय झालेल्याला तिथे बसलं की हातांची अदलाबदल करावी लागते. भल्याभल्यांची तारांबळ उडते. फवाऱ्याच्या पिवळ्या विमानात मात्र उजव्या हातात विमान वळवायची दांडी आणि डाव्या हाताशी इंजिनाचा खटका असायचा. ती खुर्ची त्याला घरच्यासारखी वाटली. पहिल्यांदा चाकं पांढऱ्या रेषेच्या जरा बाजूला टेकली, दुसऱ्यांदा बरोब्बर रेषेवर.

"तुम्हाला शिकवायचं तरी काय?" तिथले प्रमुख म्हणाले. "सहा आठवड्यांत मोकळं करतो. रविवार संध्याकाळपर्यंत जागा धरून ठेवतो, कळवा."

फवारा जमिनीपासून चार बोटं वरून चालत कँटीनमध्ये आला. बायको कोपऱ्यात कॉफी घेऊन बसली होती. विमानातलं तिला काडीचं कळत नव्हतं, म्हणून ती विमानांकडे बघतच नव्हती.

"त्या पलीकडच्या टेबलावरच्या मुलीला तिच्या सरांनी वीस मिनिटं समजावलं," ती हळूच म्हणाली. "तिने अकरा वेळा मान हलवली. सर गेले आणि तिने मैत्रिणीला विचारलं, ते काय म्हणाले गं? सुट्टीची घंटा व्हायच्या आधी माझ्या वर्गातली पोरं अशीच मान हलवतात."

"अगं, पण विमानं बघितलीस का? कोरी करकरीत आहेत."

"बघितली. वर्गातले फळे कोरे करकरीत असले म्हणजे गणित येत नाही."

घरी येईपर्यंत तो खुशीत होता, ती विचारात.

दुसऱ्या शाळेत ते शनिवारी गेले. गवताची धावपट्टी, पत्र्याची शेड आणि दोन विमानं, त्यातल्या एकाचं दार दुसऱ्याच रंगाचं. फवाऱ्याने गाडीतून उतरण्याआधीच मनातल्या मनात हिच्यावर फुली मारली. शाळा चालवणाऱ्या बाई पासष्टीच्या होत्या, आखूड पांढरे केस, मनगटावर पुरुषी घड्याळ. शिपायापासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे त्यांना आत्या म्हणत.

त्या वेळी आत्या एका दंतवैद्याला शिकवत होत्या. पन्नाशीचा गृहस्थ, त्याने विमान असं टेकवलं की ते तीनदा उसळलं. दोघं खाली उतरले. आत्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि त्या गप्प बसल्या. दंतवैद्याने आधी वाऱ्याला दोष दिला. आत्या गप्प. मग गवताला दिला. आत्या घड्याळाला किल्ली देत राहिल्या. मग दंतवैद्य डोकं खाजवत म्हणाला, "मी जमीन यायच्या आधीच जमीन आली असं धरलं वाटतं." त्यावर आत्या म्हणाल्या, "चला, परत," आणि दोघं पुन्हा विमानात बसले.

बाकावर बसलेल्या बायकोने पर्स मांडीवरून काढून शेजारी ठेवली. सतरा वर्षांच्या संसारात फवाऱ्याला एवढं कळत होतं की पर्स खाली ठेवली म्हणजे मुक्काम ठरला.

मग फवाऱ्याची पाळी आली. आत्या म्हणाल्या, "मी विद्यार्थी. पहिलाच आठवडा आहे माझा. तुम्ही मास्तर. शिकवा." त्या डाव्या खुर्चीत बसल्या, तो उजव्या. आणि आत्यांनी जे काय विमान चालवलं त्याला तोड नाही. वळायच्या ठिकाणी वळायचं विसरल्या, बाहेर बघायचं सोडून काट्यांकडे बघत राहिल्या, दांडी अशी आवळून धरली की बोटं पांढरी पडली. फवाऱ्याला सांगायचं खूप होतं, पण अकरा वर्षांत त्या उंचीवर त्याच्या तोंडातून कोणासाठी शब्द निघालाच नव्हता. दोन चकरा त्याने दात आवळून काढल्या, दोन्हींच्या शेवटी आत्यांनी चाकं आपटत टेकवली आणि विमान पुन्हा वर उचललं. तिसरीत आत्या पुन्हा वळायचं विसरल्या आणि त्याने काही न बोलता दांडी धरली.

मग सगळं कसं सुरळीत झालं. विमान झोकात वळलं, अलगद खाली आलं, गवताला कळलंही नाही कधी टेकलं ते. त्याने ते शेडशी आणलं, इंजिन बंद केलं, खाली उतरला, चाकांना ठोकळे लावले, पंखांना दोर बांधले आणि काचेवर खोळ चढवून तिचे बंद नीट कसले. रोजचा शिरस्ता. हात आपोआप चालत होते आणि मन निवांत झालं होतं. मग तो शेडमध्ये गेला आणि तिथल्या वहीत उड्डाणाची नोंद केली. माणसं किती, या रकान्यात त्याने लिहिलं, एक.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, त्या आत्या कुठे आहेत?"

फवाऱ्याने पेन खाली ठेवलं. मग तो पळत सुटला.

खोळ काढली तर आत आत्या शांतपणे बसून होत्या. "सात मिनिटं," घड्याळ बघून त्या म्हणाल्या. "हात सोन्यासारखा आहे तुमचा. पण मी विमानात कधी होते तुमच्या?" फवाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या दंतवैद्याने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो साफ फसला. आत्या म्हणाल्या की विचार करा, मीही करते, आणि मग कळवा.

परतताना फवारा जो सुटला तो सुटलाच. गाडी चालवता चालवता तो तणतणत होता. "त्या काचेच्या शाळेत मला कोणी हसलं नाही. आणि ही बाई! अगं, वळायचं कधी हे काट्यात नसतं लिहिलेलं. खांद्यावरून मागे बघायचं, धावपट्टीचं टोक पंखाच्या मागे गेलं की वळायचं. इतकं सोपं आहे."

"पंखाच्या मागे म्हणजे?" बायकोने विचारलं.

त्याने गाडी कडेला घेतली. हाताचा पंजा आडवा धरला, समोरच्या काचेखाली तिचा चष्म्याचा डबा धावपट्टी म्हणून ठेवला आणि दाखवलं. मग दांडी आवळून का धरायची नाही ते सांगितलं. आवळली की विमान काय म्हणतंय ते हाताला ऐकूच येत नाही. बायकोने विचारलं की मग धरायची कशी, तर त्याने तिचा हात हातात घेऊन दोन बोटांनी दाखवलं. तिने वारा बाजूने आला तर काय करायचं ते विचारलं. त्याने तेही सांगितलं. बाजूने गाड्या जात होत्या. अर्धा तास कधी गेला ते दोघांनाही समजलं नाही.

"मला कळलं," बायको म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की तुम्ही तिथे वर जाऊन काय करता."

फवाऱ्याने तिचा हात सोडला.

"मग हे त्यांना का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"शेजारी कोणी असतं, हेच विसरलोय मी," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "वर इतकं सुंदर दिसतं गं सकाळी. धुकं उठतं पिकावरून. दरवेळी वाटायचं, कोणाला तरी म्हणावं, ते बघ. अकरा वर्षं कंटाळलो मी एकटा."

बायकोने चष्म्याचा डबा उचलला नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवलेही नाहीत. ती म्हणाली, "सहा आठवड्यांत ते काचेच्या शाळेवाले तुम्हाला परवाना देतील. बोलायला नाही शिकवणार."

रविवारी सकाळी त्याने आधी काचेच्या शाळेला फोन करून जागा सोडली. पुढची जागा पक्की व्हायच्या आधी हातातली सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे त्यालाही कळत होतं आणि बायकोलाही. ती शेजारी उभी राहून मुकाट्याने ऐकत होती. मग त्याने आत्यांना फोन लावला आणि त्या हॅलो म्हणायच्या आत सुरू झाला, न जाणो पुन्हा वाचा बसली तर.

"काल जे तिथे बोलायचं होतं ते आत्ता बोलतो. तुम्ही वळायला उशीर करता. बाहेर बघत नाही. दांडी आवळून धरता." इथे तो अडखळला. पुढचं त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. "आणि टेकायच्या आधी तुम्ही श्वास रोखून धरता. दोन्ही वेळा धरलात. मग तो सोडता तेव्हा हात सैल पडतो, विमानाचं नाक जरासं खाली जातं आणि चाकं आपटतात. शेजारी कोणाचा श्वास ऐकायची सवय नाही मला, म्हणून ऐकू आला."

पलीकडून घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज आला. फवाऱ्याला वाटलं, संपलं.

"पहिल्या तीन चुका मी मुद्दाम केल्या होत्या," आत्या अखेर म्हणाल्या. "चौथी नाही. आपटतं खरं माझं अधूनमधून. चाळीस वर्षं वाऱ्यावर ढकलत आले." मग त्यांनी सोडलेला श्वास फोनवरही ऐकू आला. "सोमवारी सात वाजता या. आधी मला ते नीट करून द्या, मग आपण तुमच्याकडे बघू."