ट्रंपेटवाला बुधाजी

आमच्या परळच्या चाळीत बुधाजी गमरे राहायचा. एरवी गिरणीत, लग्नसराईत बँडमध्ये. ट्रंपेट असा फुंकायचा की म्हातारेकोतारेही खिडकीशी यायचे. पण छप्पन साली त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि वराती सोडल्या. "वाजवायचं आम्ही, आणि जेवायला पंगतीबाहेर. बस झालं," म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. बोटं मात्र ऐकेनात. जेवताना ताटाच्या कडेवर तीन बोटं, ट्रंपेटच्या कळा दाबल्यासारखी, चालूच असायची.

वर्षभरानं दादरच्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं. नाचगाण्यांचा मोठा हिंदी सिनेमा, त्यात तीस जणांचा बँड. बुधाजीला वाटलं, इथे पंगत नाही की वरात नाही, इथे आपण कलावंत म्हणून दिसू. रेकॉर्डिंगला सगळ्या गाण्यांतला ट्रंपेट त्यानंच वाजवला. मग नवा कोट शिवला आणि चाळभर सांगत सुटला, "आता मला पडद्यावर बघा." इथेच चुकला. वरातीत जो वाजवतो तोच दिसतो, एवढंच त्याला ठाऊक. सिनेमात वाजवणारा वेगळा आणि दिसणारा वेगळा, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ. बस बंद, ट्राम बंद. कोट काखेत धरून हा परळहून चालत गेला. पुढचं त्यानं मला एकदाच सांगितलं. सेटवर गोरीगोमटी तीस पोरं वाद्यं घेऊन उभी. गाणं भोंग्यातून लागणार, पोरांनी नुसते गाल फुगवायचे. डान्समास्तर ट्रंपेट धरलेल्या एका देखण्या पोराकडे बोट करून म्हणाला, "बुधाजी, तुम बाजू में रहो. इसको उंगली सिखाओ."

तासभर शिकवूनही त्या पोराला तीन कळा धड दाबता येईनात. शेवटी कॅमेऱ्यानं जवळून फक्त बोटं घ्यायची ठरली, तीही बुधाजीची. मेकपवाल्यानं त्याच्या हातांना मनगटापर्यंत पांढरा लेप थापला. एक थर पुरेना, म्हणून दुसरा.

मला मेकपवाल्याचा राग येत नाही, त्याचं पोट त्यावर. राग येतो बुधाजीचा. मुकाट्यानं हात पुढे कसे केले यानं? मग वाटतं, मागे घेतले असते तर तेवढंही उरलं नसतं. या विचारानं तर अजूनच संताप येतो.

सिनेमा लागला, तेव्हा अख्खी चाळ थिएटरात. बुधाजीची बायको मालन ठेवणीतलं लुगडं नेसून त्याच्या शेजारी बसली होती, मी त्यांच्या मागे. बँडचं गाणं सुरू झालं. ती मान उंच करून एकेक चेहरा शोधत राहिली. मग पडदाभर दोन हात आले, ट्रंपेटच्या कळांवर झरझर चालणारे.

"अहो, तुम्ही कधी येणार?" मालननं विचारलं. "आणि हे हात कुणाचे? किती गोरे!"

बुधाजी पडद्याकडेच बघत होता.

"असेल कुणी मोठा वाजवणारा," तो म्हणाला.