ताठे काकांचे पन्नास दिवस

ताठे काका दुधवाल्यालाही विचारायचे, "कार्ड चालतं का?"

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले, त्याच सकाळी हा संवाद कानावर पडला. दुधवाला कॅन उचलत म्हणाला, "काका, म्हशीला कार्ड घासायला जागा नाय." काका मोठ्याने हसले. रोख पैसे दिले आणि माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "हे पैसे आज गेले बघ. कार्डावर गेले असते तर पन्नास दिवसांनी गेले असते." मी देवगाव रंगारीहून आलेली, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. शहरात असंच बोलत असतील असं समजून मी मान हलवली.

काका वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस होते. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. "अंदाज सैपाकात चालतो, मापात नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. काकू आतून लगेच उत्तर द्यायच्या, "सैपाकात तरी कुठं चालतो? मीठ कमी पडलं की कोण बोंबलतं?"

घरावर कर्ज होतं. ते फेडण्याची काकांची युक्ती त्यांनी मला एका रविवारी ओट्यावर बसवून समजावली. त्यांचं कर्जखातं वेगळ्या प्रकारचं होतं. त्यात जास्तीचे पैसे ठेवले की तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबायचं, आणि लागले तर ते पैसे परतही काढता यायचे.

"मग मी काय करतो? सगळा पगार तिथंच बसवून ठेवतो. किराणा, पेट्रोल, औषधं, सगळं कार्डावर. कार्डवाला पन्नास दिवसांपर्यंत व्याज घेत नाय. तवर माझा पगार तिकडं बसून बँकेचं व्याज मारतो! कळलं का?"

मला कळलं नव्हतं, पण मी हो म्हटलं.

"नाय कळलं. तोंडावर दिसतंय. परत सांगतो."

त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना ते उभेच राहिले होते, आणि समोरच्या घरातली माणसं दारात आली होती.

या युक्तीपायी घराचा सगळा कारभार बिलाच्या तारखेवर चालायचा. महिन्याचं बिल पडलं की दुसऱ्या दिवशी खरेदी, कारण तेव्हाच पुरते पन्नास दिवस मिळतात. एकदा काकूंचे भाऊ आले आणि घरात साखर नव्हती. काकू चहाचं आधण ठेवून म्हणाल्या, "दादा, बिनसाखरेचा घे. यांचं बिल उद्या पडणार हाय." मी वरून वाटीभर साखर आणून दिली. काकांनी ती वाटी तिसऱ्या दिवशी शिगोशीग भरून परत केली.

पण काका बेफिकीर नव्हते. कार्डाने रोख पैसे त्यांनी कधी काढले नाहीत, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बिल मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्ण भरायचं, तेही आंघोळ करून, चष्मा पुसून. "कार्ड म्हणजे विस्तव हाय, पोरी. चूल पेटवायची, पदर नाय." पैसे गेल्याचा संदेश आला की टाळी वाजवायचे. "झालं! याही महिन्यात बँकेला हरवलं!" आणि खरं सांगते, आम्हा दोघींनाही सामना जिंकल्यासारखं वाटायचं.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात प्रकल्प करायचा होता. मी भीतभीतच विचारलं, "काका, तुमच्या कर्जावर करू का?" त्यांनी कपाटातून चार वर्षांचे कागद काढून माझ्या पुढ्यात ठेवले. "लिही! लई लोकांचं भलं होईल!"

त्याच आठवड्यात कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. फॉर्म शनिवारपर्यंत द्यायचा होता. काकांचं स्वप्न मला माहीत होतं. पुढच्या खोलीला शटर लावून मापाची हत्यारं दुरुस्त करायचं स्वतःचं दुकान काढायचं. त्यांचे डोळे लकाकत होते. "कंपनीच्या पैशातनं घर चालंल. कर्जखात्यात साठलेले अडीच लाख काढून मशीन घेतो. अन् व्याज मारायला कार्ड हायेच की!"

मी तोवर निम्मा हिशोब केला होता. त्या दिवशी कॉलेज बुडवून उरलेला केला. कार्डामुळे वाचलेलं व्याज वर्षाला जेमतेम अडीच हजार होतं. कर्ज उतरत होतं ते त्या अडीच लाखांमुळे. त्या रकमेमुळे वर्षाला बावीस हजारांहून जास्त व्याज वाचत होतं. आणि ते पैसे काकूंच्या शिलाईचे होते. ब्लाउज शिवून आलेली रक्कम काकू दर आठवड्याला खात्यात टाकायच्या. "घरात ठेवले की पाय फुटतात," एवढंच म्हणायच्या. तेच पैसे काका काढायला निघाले होते. ते निघाले की व्याज परत चढणार होतं, आणि पगारही बंद.

आमच्या घरी वडिलांना तुमचं चुकलं असं कुणी म्हणत नाही. काका तर घरमालक. दोन दिवस मी जिन्यापर्यंत जाऊन परत वर आले. शुक्रवारी दुपारी खाली गेले तेव्हा काका फॉर्म भरायलाच बसले होते. मी वही पुढे केली आणि म्हटलं, "काका, बहुतेक माझंच चुकलं असेल. पण एकदा बघता का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. एक एक ओळ बोटाने वाचली. मग कोरा कागद घेऊन सगळं स्वतः पुन्हा मांडलं. आकडा तोच आला. परत मांडलं. काकू दारात ब्लाउजची तुरपाई करत उभ्या होत्या. तिसऱ्यांदाही तोच आकडा आला.

मग काका काकूंकडे वळून एकदम ओरडले, "अगं ए! बँकेला तू हरवलंस! मी नुसत्या टाळ्या वाजवीत होतो!"

"मला कुठं माहीत?" काकू बावरून म्हणाल्या. "मी आपली टाकीत गेले."

काकांनी फॉर्म दुमडून बाजूला सारला. त्यांना वाईट वाटलं नसेल असं मी म्हणणार नाही. शटरचं स्वप्न त्या कागदाबरोबर दुमडलं गेलं होतं. पण चेहऱ्यावर मात्र भलतंच तेज होतं, एखादा बारीक दोष सापडल्यावर तपासनिसाच्या चेहऱ्यावर येत असेल तसं. त्यांनी माझी वही माझ्याकडे फिरवली. "सही कर इथं. पूर्ण नाव लिही. आमच्यात मोजणाऱ्याच्या सहीबिगर माप खरं धरत नायत."

तोवर माझी सही फक्त अर्जांवर झाली होती. मी लिहिलं, सविता कडूबा सोनवणे. अक्षर वाकडं आलं. खाली काकांनी 'तपासले, बरोबर' असं लिहून आपली सही ठोकली आणि खूश होऊन वही मिटायला गेले.

"थांबा," काकू म्हणाल्या. सुई त्यांनी पदराला टोचली. "पैसे माझे, अन् सह्या तुमच्या?"

काका ताडकन उठले. खुर्ची पुसली, काकूंकडे सरकवली आणि मान झुकवून म्हणाले, "बसा, साहेब. सगळ्यात वर करा. जागा हाय."