दिनूची सगळ्यात भारी फाइट

दिनू आज सकाळी गेला. आणि त्याच्याबद्दल मी चाळीस वर्षं खोटं बोलत आलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिनू आमच्या घिवलीचा, माझ्याच वयाचा. घरी मासेमारी, बापाची होडी. आणि एकोणिसाव्या वर्षी ठाणे जिल्ह्याचा बॉक्सिंग चॅम्पियन. आमचा पालघरचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता.

बोईसरला कारखान्यात नोकरी करणारे एक निवृत्त फौजी होते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. एका रिकाम्या शेडमध्ये ते पोरांना शिकवायचे.

जाळी ओढून कमावलेले दिनूचे खांदे बघून उस्ताद म्हणाले, "ताकत तो इसको समंदर ने दे दी. मैं बस पैर चलाना सिखाऊँगा."

दिनूची बेस्ट फाइट कोणती, हा आम्हा मित्रांचा कायमचा वाद. बोईसर नाक्यावर, कुणाच्या हळदीला, कुठेही.

विलास म्हणायचा, पालघरची. पहिल्याच राउंडला समोरचा आडवा. चहा आणायला गेलेले लोक परत आले तर खेळ खलास!

मी म्हणायचो, केळव्याची. डावा डोळा सुजून बंद, तरी तिन्ही राउंड खेळून जिंकला.

आवाज चढायचे, टेबलावर मुठी आपटायच्या. दिनू शांतपणे भजी खायचा.

"तुमी ठरवा. मी तवा मार खाण्यात बिझी व्हतो."

एका फाइटचं नाव मात्र त्याच्यासमोर कुणी काढत नसे.

स्टेटसाठीची निवड. जिंकला की स्पर्धेला पुण्याला. समोर ठाणे शहरातला लांब हातांचा पोरगा. दोन राउंड दिनू मागे होता. तिसऱ्या राउंडला त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल रिंगमध्ये आला, म्हणजे हार कबूल. रेफरीने फाइट थांबवली.

गावाला एवढंच माहीत आहे.

कोपऱ्यात मी होतो. उस्तादांना ड्यूटी होती, म्हणून मला पाठवलेलं.

आता तिसरा राउंड खरा कसा होता ते ऐका.

दिनू वाकून त्याच्या अगदी जवळ घुसला. त्या पोराचे लांब हात याच्या डोक्यावरून नुसते हवेत जायला लागले. मग दिनू बरगड्यांत मारत सुटला. डावा, डावा, उजवा. पोरगा दोरांवर टेकला. रेफरीने आठ अंक मोजले. पुन्हा सुरू झालं तर पुन्हा तेच. मी आयुष्यात असं बॉक्सिंग पाहिलं नाही, टीव्हीवरसुद्धा नाही.

आमच्याकडे होड्यांच्या शर्यतीत आपली होडी पुढे निघाली की किनाऱ्यावरचा माणूस अंगाखांद्यावर असेल ते हवेत उडवतो. गमछा, टोपी. माझ्या काकाने एकदा नवाकोरा शर्ट उडवला होता. कुणी विचार करून करत नाही, हात आपसूक जातो.

माझाही गेला.

पाणी कधी द्यायचं, स्टूल कधी ठेवायचं, उस्तादांनी सगळं पढवलं होतं. टॉवेलचा नियम सांगायचा राहिला. मलाही ठाऊक नव्हता. मी खांद्यावरचा टॉवेल आनंदाने उडवला आणि तो दिनूच्या पायाशी पडला.

रेफरीने ठाण्याच्या पोराचा हात वर केला. त्या पोरालाही कळेना, आपण जिंकलो कसे.

दिनू कोपऱ्यात आला. "काय केलास रे?"

मी रडत होतो.

तेवढ्यात विलास आणि गावची पोरं धावत आली. ती पार मागे होती, गर्दीतून त्यांना टॉवेल तेवढा दिसला होता. टॉवेल कुणी टाकायला सांगितला, म्हणून ओरडायला लागली.

दिनू म्हणाला, "मीच. दम नाय राहिला."

मी गप्प बसलो. तेव्हाही, आणि नंतरही.

गावात काय काय बोलले त्याला. भेकड म्हणाले. पुढच्या वर्षी बापाची नजर अधू झाली, होडी दिनूवर आली, बॉक्सिंग सुटलं ते सुटलंच.

एकदा दोघेच असताना मी विचारलं, खरं का नाही सांगितलंस?

"माना वरीसभर बोलले. तुला जलमभर बोलले असते."

आणि मी काय केलं? केळव्याची फाइट लावून धरली. मोठमोठ्याने. म्हणजे बोलणं त्या निवडीच्या फाइटकडे वळायलाच नको.

पंधरा दिवसांपूर्वी हॉस्पिटलमध्ये गेलो. विलास होता, दिनूचा मुलगा होता. दिनूने मला विचारलं, "बोल, शेवटचा सांग. कंची बेस्ट?"

सांगायला हवं होतं. मी म्हणालो, केळव्याची.

तो हसला आणि डोळे मिटून पडून राहिला. मला फार लाज वाटली. तरी नाही बोललो.

आज दुपारी सगळं उरकल्यावर आम्ही वाळूवर बसलो होतो. विलास डोळे पुसत म्हणाला, "काय पण बोल, पालघरचीच."

मग मी बोललो. सगळं. दिनूच्या मुलासमोर.

विलास उठून पाण्याकडे चालत गेला. त्याचं काय म्हणणं आहे, मला अजून माहीत नाही.

मुलगा पस्तिशीचा आहे. म्हणाला, "काका, शाळेत मला चिडवायचे, तुझ्या बापाने टॉवेल टाकला म्हणून. मी घरी येऊन बाबांना बोलायचो. लय वाईट बोललोय."

"ते काय म्हणायचे?"

"हसायचे. बोलायचे, व्हय रे, दमलो व्हतो."

मग तो जवळ सरकला.

"बाबा जिंकत होते?"

"हो."

"परत सांगा. पहिल्यापासून."

सांगितलं. एकेक ठोसा.

दिनू, माझ्या मित्रा, उशीर केला रे मी. माफ कर. तुला मनापासून शेवटचा नमस्कार.