सुंदराबाईंची तिसरी रांग

मोटारीच्या शोरूममध्ये शिरलेल्या गिऱ्हाइकाने आधी चालकाच्या जागेवर बसावे, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवावेत आणि समोरच्या काचेतून नसलेल्या रस्त्याकडे पाहावे, अशी एक रीत पडून गेली आहे. सुंदराबाई गमरे यांनी ती पहिल्याच दिवशी मोडली. दादरच्या शोरूममधल्या झगमगाटाकडे ढुंकूनही न पाहता त्या उंच, काळ्या, काचेच्या छपराच्या गाडीच्या मागच्या दारापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ती शेवटची रांग उघडा."

विहंग नावाच्या निळ्या कोटातल्या विक्रेत्याने नम्रपणे सांगितले, "आजी, लास्ट रो तशी किड्ससाठी असते."

"माझी किड अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. उघडा."

मधली बैठक दुमडली गेली. नुकतेच त्र्याहत्तरावे वर्ष सरलेल्या सुंदराबाई आपले शस्त्रक्रिया झालेले गुडघे एकेक करून आत घेत तिसऱ्या रांगेत शिरल्या आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या. पाच मिनिटे झाली, दहा झाली. त्यांचा मुलगा संघर्ष बाहेर येरझाऱ्या घालत होता.

"आई, झालं का बघून?"

"पंगत उठायला लागतो तेवढा वेळ बसणार आहे. अर्धा तास. तू तोवर छप्पर बघ."

विक्रेत्याला हे हट्टी म्हातारपण वाटले असेल. पण ती जागा सुंदराबाई स्वतःसाठी पाहत नव्हत्या. त्यांची मोठी नणंद यशोदाबाई यंदा वीस मार्चला महाडला जाऊन, स्वतःच्या पायांनी चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरणार की नाही, याचा निकाल त्या जागेवर लागायचा होता.

गेल्या वर्षी तो लागला होता, आणि वाईट लागला होता. यशोदाबाईंचे वडील एकोणीसशे सत्तावीस साली, बावीस वर्षांचे असताना, त्या तळ्याचे पाणी प्यायलेल्यांपैकी एक. लेकीने वडिलांमागे वीस मार्च सहसा चुकवला नाही. एसटीने गेली, उभ्याने गेली, तापात गेली. गेल्या वर्षी मात्र घरातल्या सर्वांनी एकत्र जायचे म्हणून भाड्याची गाडी केली. गुडघ्यांमुळे सुंदराबाईंना पुढची जागा मिळाली. मुलगा, सून, नातवंडे मधे दाटीवाटीने बसली. आणि यशोदाबाई, कोणी न सांगता, मागच्या अरुंद बाकड्यावर पिशव्यांशेजारी जाऊन बसल्या. पाच तासांनी महाडला मागचे दार उघडले तेव्हा त्यांच्या उजव्या पायात जीव उरला नव्हता. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," असे त्या म्हणाल्या. त्या आल्या नाहीत. त्या दिवशी तळ्याच्या जागी त्यांनी गाडीच्या काचेतून माणसांच्या पाठी पाहिल्या.

परत आल्यावर सुंदराबाईंनी विचारले होते, "वन्सं, वाटेत बोलला का नाहीत?"

"तू पुढे होतीस, सुंदरा. एवढ्या लांबून काय ओरडायचं?"

या उत्तराने सुंदराबाईंना वर्षभर स्वस्थ झोपू दिले नाही. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते आले असते तर त्यांनी सोसले असते. पण यशोदाबाई म्हणजे खोली क्रमांक एकतीसची चूल होत्या.

परळच्या ज्या चाळीच्या जागी आज गमरे कुटुंब राहते तो बावीस मजली टॉवर उभा आहे, त्या चाळीतल्या याच खोलीत सुंदराबाईंनी बावीस वर्षे गिरणी कामगारांची खाणावळ चालवली. भाकऱ्या यशोदाबाई थापीत. वाढण्याचे काम सुंदराबाईंचे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सहा माणसांच्या तीन रांगा बसत आणि तिसरी रांग मोरीला लागून असे. गावी या लोकांच्या वाट्याला पंगतीचे शेवटचे पान कधी आले नव्हते, कारण पंगतच आली नव्हती. इतरांच्या पंगती उठल्या की उरलेसुरले वरून पदरात टाकले जाई. मुंबईत आपली चूल आणि आपलीच पंगत होती. तरीही महिन्याभरात सुंदराबाईंच्या ध्यानात आले की पंगत आपली असली तरी तिला शेवट फुटतोच. गावाहून कालच आलेला, पाळी न मिळालेला बदलीवाला, कमी बोलणारा, अशी माणसे आपोआप मोरीपाशी सरकत. आणि आमटी तिथवर पोहोचेपर्यंत तिच्यात डाळ कमी आणि पाणी फार होई. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोरीकडून वाढायला सुरुवात केली. पहिल्या रांगेतला जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, चिडला.

"बाई, आम्ही आधी बसलो ना?"

"बसलात की. पण ओगराळं माझ्या हातात आहे."

खाणावळ बंद होईपर्यंत तो नियम बदलला नाही. आणि हा नियम करणाऱ्या बाईने पाच तासांत एकदाही मान वळवून शेवटाकडे पाहिले नव्हते. पुढच्या जागेत काय गुण असतो, हे सुंदराबाईंना त्या प्रवासाने शिकवले.

काळ्या गाडीतून त्या अठ्ठावीस मिनिटांनी बाहेर आल्या.

"गुडघे हनुवटीला लागतात. पाय खुपसायला पुढच्या बैठकीखाली जागा नाही. वारा येत नाही. चढताना धरायला काही नाही. दुसरी दाखवा."

दुसरी गाडी त्याच शोरूमच्या कोपऱ्यात होती. बुटकी, पांढरी, तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. तिची जमीन खाली होती, एक खटका ओढला की मधली बैठक पुढे सरकून माणूस सरळ आत जाईल एवढी वाट होत होती, आणि तिसऱ्या रांगेच्या डोक्यावर वाऱ्याची स्वतंत्र झडप होती. सुंदराबाई तिच्यात अर्धा तास बसल्या आणि विहंगने न मागता आणून दिलेला चहाही तिथेच प्यायल्या.

घरी रण पेटले. संघर्ष परळच्या एका रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत वरिष्ठ तंत्रज्ञ आहे. रक्ताच्या थेंबाबद्दल तो जितका नेमका, तितकाच या गाडीबद्दल हळवा झाला होता.

"टॅक्सीवाले घेतात ती गाडी, आई! लालबागच्या नाक्यावर उभी केली तर लोक दार उघडून आत बसतील. 'ठाणे चलोगे' म्हणून."

"मग सोडायचं ठाण्याला," त्याची बायको मानसी लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली. "रविवारी तसंही तुला काही काम नसतं."

"तू चेष्टा कर. आपल्या घरात पहिली गाडी येतेय. बाबा आयुष्यभर चालत गिरणीत गेले. ती दिसली पाहिजे. लोकांनी वळून बघितलं पाहिजे."

नवऱ्याची, बुधाजींची, टाच झिजलेली चप्पल सुंदराबाईंना आठवली. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. वळून बघितले जाणे ही लहान गोष्ट आहे, असे ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वळून बघितले गेले त्यांनाच म्हणता येते.

"आणि आत्याचंच म्हणशील तर," संघर्षने आवाज खाली आणला, "तिला मधे बसवू. नाहीतर पुढे. प्रश्नच मिटला."

"बसवून बघ. विचार तिला."

"आत्या! गाडीत कुठे बसशील?"

स्वयंपाकघरातून यशोदाबाईंचा आवाज आला, "मला कुठेही चालेल रे."

"ऐकलंस?" सुंदराबाई म्हणाल्या. "त्यांचं 'कुठेही' म्हणजे मागे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची सवय आहे ती, तू दार धरलंस म्हणून जायची नाही. आणि उद्या त्या नसतील तेव्हा दुसरं कोणी असेल. जे बोलत नाही ते मागे बसतं. म्हणून मी माणूस नाही हलवत. मी जागा बघते."

संघर्ष मानला नाही. तेव्हा सुंदराबाईंनी एकच अट घातली. काळी गाडी एकदा रस्त्यावर चालवून पाहायची. मानसीने चालवायची, आपण पुढे बसायचे, आणि संघर्षने मागे.

पुढच्या रविवारी ही वरात दादरहून निघाली. मधल्या रांगेत विहंग, तिसऱ्या रांगेत पाच फूट दहा इंचांचा संघर्ष, आणि त्याच्या शेजारी सुंदराबाईंनी घरून मुद्दाम भरून आणलेल्या दोन पिशव्या. हिंदमाता मागे पडले, परळचा नाका आला, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांचा ठसका बंद काचांतूनही आत आला. पुढे बसलेल्या सुंदराबाईंना गाडी खरोखर आवडत होती. बैठक मऊ होती, रस्ता सिनेमासारखा दिसत होता, आणि आपण असे रमलो आहोत हे लक्षात येताच त्या दचकल्या.

"संघर्ष, बरा आहेस ना?"

उत्तर नाही.

"संघर्ष!"

"लास्ट रोपर्यंत आवाज जात नाही, आजी," विहंगने मधे तोंड घातले. "एसीचा ब्लोअर आहे ना."

सुंदराबाई समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "हेच मला वन्संनी सांगितलं होतं."

गाडी शोरूमपाशी थांबली. संघर्ष बाहेर आला तो हप्त्याहप्त्याने. आधी एक पाय, मग डोके, मग दुसरा पाय. शर्टावर गुडघ्यांचे ठसे उमटले होते.

"किती वेळ झाला?" त्याने विचारले.

"पस्तीस मिनिटं."

"आत्या पाच तास अशी बसली होती?"

संघर्षने कंबर सरळ केली, शर्ट झटकला आणि विहंगला म्हणाला, "ती कोपऱ्यातली आणा. टॅक्सीवाली."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी मिळाली. शोरूमच्या माणसांनी दारात नारळ आणून ठेवला होता. तो मानसीने हसून परत केला आणि गाडी थेट चैत्यभूमीकडे वळवली. तिथे वंदन करून झाल्यावरच ती परळला आली. शोरूममधून निघताना सुंदराबाईंनी मागे वळून पाहिले, तर विहंग एका नव्या कुटुंबाला काळ्या गाडीपाशी उभे करून मधली बैठक दुमडत होता. "आधी लास्ट रोमध्ये बसून बघा, सर," तो सांगत होता. "पुढचं सगळ्यांनाच आवडतं."

वीस मार्चला उजाडायच्या आत सात माणसे टॉवरखाली जमली: संघर्ष, मानसी, त्यांची मुले संघमित्रा आणि अनिश, नायगावहून आलेली संघर्षची बहीण प्रिती, आणि दोन म्हाताऱ्या. संघर्षने पुढचे दार उघडून धरले.

"ये आत्या. आज तुझा मान."

"मान बिन राहू दे रे. पुढे मला गरगरतं," असे म्हणत यशोदाबाई मागच्या दाराकडे गेल्यासुद्धा. सुंदराबाईंनी मुलाकडे पाहिले. मुलाने खांदे उडवले. मात्र खटका ओढून मधली बैठक सरकवल्यावर सुंदराबाईंना दिसले की त्या बैठकीच्या पाठीला जाड पट्ट्याची एक मूठ पक्की शिवलेली आहे. चढताना धरायला. कंपनीने ती दिलेली नव्हती.

"हे कधी केलंस?"

"काल. लालबागच्या सीटवाल्याकडून. आता बसा ना, उशीर होतोय," संघर्ष पुटपुटला आणि लगबगीने चालकाच्या जागेकडे गेला.

यशोदाबाईंनी मूठ धरली, एकदा ओढून पाहिली आणि चढल्या. त्यांच्या शेजारी, सगळ्यांचा विरोध मोडून, सुंदराबाई बसल्या. पेणच्या पुढे रस्ता उखडलेला होता. माणगावला चहा झाला. अनिश दोनदा विचारून थकला की आजी लोक मागे एवढं काय बोलतात. त्या भाकऱ्यांबद्दल बोलत होत्या, मोरीबद्दल, त्या चिडलेल्या जॉबरबद्दल.

महाडला निळ्या झेंड्यांच्या गर्दीपासून थोडे दूर गाडी थांबली. संघर्ष धावत मागे आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. यशोदाबाईंनी ते बाजूला सारले. मूठ धरून एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. उजवी टाच जमिनीवर दोनदा आपटून पाहिली, भांडे वाजवून घ्यावे तशी. मग मागे न पाहता चालू लागल्या.

"आत्या, थांब!" प्रिती ओरडली. "गाडी लॉक तरी होऊ दे!"

"तुम्ही या मागून. मला वाट माहीत आहे."

"जय भीम, मावशी," म्हणत अनोळखी माणसे त्यांना वाट देत होती आणि त्या प्रत्येकाला जय भीम करीत, कठडा धरून, पायऱ्या उतरत होत्या. तेवढ्यात सुंदराबाईंचेच गुडघे पाच तासांनी अडून बसले. घरातले सगळे पुढे गेले. त्या पाण्यापासून तीन पायऱ्या वर थांबल्या, आणि तिथूनच त्यांनी नणंदेला वाकताना पाहिले.

यशोदाबाईंनी ओंजळ भरली. ओठांशी नेली. मग काहीतरी आठवल्यासारख्या वळल्या आणि भरल्या ओंजळीनिशी पायऱ्या चढू लागल्या. बोटांच्या फटींतून पाणी गळत होते.

"वन्सं, आधी तुम्ही घ्या!"

"तू शेवटाला उभी आहेस. उघड तोंड."

ओंजळीत जेमतेम दोन घोट उरले होते. एक सुंदराबाईंनी घेतला, एक यशोदाबाईंनी. खालून हे पाहत असलेला संघर्ष वर आला. त्याने जरुरीपेक्षा मोठ्याने विचारले, "आई, परत जाताना मागे मी बसू?"

"बस," सुंदराबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "पण पिशव्या तुझ्या मांडीवर."