उलट्या हाताची शिवण

हिंगणघाटची ती दोन पोती मी काही केल्या विसरू शकत नाही. सत्तरच्या दशकाची अखेर होती, मी तिथे फौजदार होतो. पहिलं पोतं वेणा नदीत सापडलं. आत कापूस बाजारातला मापाडी, डोकं फुटलेलं. आठवड्याभरात जाम गावाजवळच्या विहिरीत दुसरं पोतं, आत एक ट्रक ड्रायव्हर.

मापाड्याचं धाकट्या भावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण होतं. वरिष्ठांनी लगेच त्याला अटक करायला लावली. अहो, दुसरा खून झाला तेव्हा तो आमच्याच कोठडीत होता! तसं म्हणालो तर उत्तर आलं, "दोन्ही गुन्हे वेगळे आहेत. चार्जशीट पाठवा." माझं डोकंच सणकलं. एका जिनिंग कारखान्याचा मालक सरकारी कापूस परस्पर पळवतो, अशी साक्ष द्यायला हे मारले गेलेले दोघं तयार झाले होते, एवढं मला कळलं होतं. पण मालकाकडे मंत्री जेवायला यायचे. दोन्ही खून एकाच हातचे आहेत हे सिद्ध झालं नसतं, तर तो भाऊ फासावर गेला असता.

एक काम मी बरं केलं होतं. दोन्ही पोती बुडाकडून कापायला लावली होती, तोंडाची शिवण शाबूत ठेवली होती. दुसरं पोतं ओलं म्हणून हवालदाराने सरळ ओसरीत वाळत घातलं. मुद्देमाल असा उघड्यावर! मी त्याच्यावर खेकसत होतो, तेवढ्यात आरोपीची बायको डबा घेऊन आली. ती त्याच जिनिंगमध्ये मजुरीला होती. पोत्यापाशी थबकली.

"साहेब, हे डावखुऱ्याचं शिवणं हाय. टाके पाहा ना, उलटे पडले. अन् पोतं धराचा कान एकाच कोपऱ्याले काढला. आमच्या जिनिंगमंदी असं एकच माणूस शिवते."

"नाव सांग."

"मले भेव लागते." आणि रडायलाच लागली. "माह्या माणसाले कोंबडी कापता येत नाई साहेब, तो भावाले काऊन मारन?"

शेवटी नाव सांगितलं. मालकाचा खास जमादार, म्हणजे मजुरांवरचा मुकादम.

त्याला दोन दिवस बोलावून विचारलं. "मले काई माहीत नाई," एवढंच पालुपद. मारहाणीने असा माणूस बोलत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पंचांना बसवलं आणि त्याच्यापुढे ज्वारीचं पोतं, सुतळी, दाभण ठेवलं. "शिवून दे रे, आमच्या शिपायांना जमत नाही."

बहाद्दराने भराभर शिवलं. डाव्या हाताने, आणि कान एकच! हमाल दोन काढतात, कारण पोतं दोघांनी उचलायचं असतं. हा एकट्याने पाठीवर घ्यायचा, तीच त्याच्या हाताची सवय. मी ती दोन पोती शेजारी आणून ठेवली. त्याने तिन्ही शिवणी पाहिल्या आणि दाभण खाली ठेवलं.

"मालकानं सांगतलं तसं केलं, साहेब."

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. पण त्याने कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसखालून रक्ताळलेला दांडा काढून दिला, त्याचा पंचनामा झाला, मॅजिस्ट्रेटसमोर जबाबही झाला. भर दुपारी, सगळ्या मजुरांदेखत, मालकाला जिनिंगच्या फाटकातून जीपमध्ये बसवलं. वरून फोन आला तेव्हा ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब अटकेत गुंतले आहेत." मालक आणि जमादार, दोघांनाही जन्मठेप लागली. माझी बदली झाली, तीही मी छाती फुगवून घेतली!

भाऊ सुटला त्या दिवशी बायको त्याला म्हणाली, "चाला आता घरी, लय दिवस सरकारचं फुकट खाल्लं." सगळं ठाणं हसलं, मीही हसलो.

पण एक कबूल करतो. अटकेच्या पहिल्याच दिवशी ती काही सांगायला आली होती, तेव्हा "बाईला बाहेर काढा" असं मीच ओरडलो होतो. तो ट्रक ड्रायव्हर तेव्हा जिवंत होता. पुढच्या सगळ्या नोकरीत आरोपीच्या घरच्यांना मी आधी खुर्ची दिली, त्यांचं ऐकलं आणि मगच डायरी उघडली.