कमळाकरने सांगितलेला शेवट

एके काळी शिरवण्यात केबल म्हणजे कमळाकर. घरामागच्या खोलीत त्याची सगळी यंत्रे, आणि दर रविवारी दुपारी गावाच्या चॅनलवर एक सिनेमा. बाकी पोरांना मारामारी हवी असायची. त्याचा पोरगा तेजस मात्र एकच मागायचा, 'आसमान का चौकीदार'. थेटरात आठवडाभरही न टिकलेला, हिंदीत डब केलेला. दूरच्या ताऱ्यावर एकटाच पहारा देणारा माणूस रेडिओवरून आपल्या लेकीला हाका मारत राहतो, एवढीच गोष्ट.

"कमल्या, परत तोच रडका पिच्चर?" शेजारचा भैरू फोनवर ओरडायचा.

"मंग बंद कर ना टीव्ही. वायर माजीच हाय, कापू का?"

शेवट जवळ आला की पडदा काळा व्हायचा आणि माइकवर कमळाकरचा आवाज यायचा. "मंडली, सीडी खराब हाय. पन फुडचं मना म्हाईत हाय." मग तो सांगायचा : चौकीदार घरी येतो, लेक धावत येऊन दार उघडते, सगळी जेवायला बसतात. तेजसला तो शेवट पाठ होता.

सीडीला साधा ओरखडाही नव्हता, हे फक्त त्याच्या बायकोला, सखूला ठाऊक. थोरली लेक जागृती तापात गेली, त्याच वर्षी हा सिनेमा आला. कमळाकरने तो आधी एकट्याने पाहिला. चौकीदार घरी पोचतच नाही. लेक दारात वाट बघत राहते आणि सिनेमा संपतो. तो लाल डोळ्यांनी बाहेर आला. "पोराला ह्ये नको," एवढेच म्हणाला. तेव्हापासून शेवट आला की अंगठ्याने बटण दाबायचे.

पुढे केबलचा धंदा बुडाला, आणि यंदा अर्धांगवायूने कमळाकरची वाचाही नेली. या रविवारी तेजस जुईनगरहून लॅपटॉप घेऊन आला.

"आई, मिळाला! अख्खा आहे, शेवटासकट. बाबांनापण शेवट परत बघता येईल."

खरे सांगावे, तर बापाने इतकी वर्षे जपलेले उघडे पडणार. "ऱ्हाव दे रे. डॉक्टर बोललाय, त्यांना टेन्शन नको."

"पिच्चरचं कसलं टेन्शन?"

सिनेमा सुरू झाला. कमळाकर अर्ध्या तोंडाने हसला. सखू पडद्याकडे बघतच नव्हती, ती नवऱ्याचा हात बघत होती. चौकीदार यानात बसला, आणि कमळाकरच्या धडधाकट हाताचा अंगठा चादरीवर दाबू लागला. पुन्हा पुन्हा, तिथे नसलेले बटण.

"बाबा, काय? पाणी पाहिजे?"

"बंद कर," सखू म्हणाली. "तेजा, बंद कर ते."

तेजसने आईकडे पाहिले, मग त्या अंगठ्याकडे. पडदा काळा व्हायचा तो याच अंगठ्याने, हे त्याच्या ध्यानात आले. मग लॅपटॉप मिटला.

कमळाकरचे ओठ हलले. घशातून नुसती घरघर आली.

तेजसने घसा खाकरला. गावची बोली आता त्याच्या तोंडात अडखळत होती. "मंडली, सीडी खराब हाय. पन फुडचं मना म्हाईत हाय. चौकीदार घरी येतो. लेक धावत येते..."

समोरच्या भिंतीवर जागृतीचा फोटो होता. तेजसला पुढे बोलता येईना.

"दार उघरते, बोल ना," सखू पदराआडून म्हणाली.

बापाची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती.